खड्डा रस्त्यात, सावधगिरी हातात

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका सहायक शिक्षकाने, बी.ए., बी.एड., दिलेले भाषण)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून मोटरसायकल आणि खड्डे यांवर भाषण कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. उत्तर साधे आहे. आपल्या कोकणातल्या मोहल्ल्यांत आज घरोघरी मोटरसायकल उभी दिसते. वडील आखातात उन्हातान्हात राबतात, पैसे पाठवितात. आणि दहावी झाली की मुलाची पहिली मागणी पुस्तकांची नसते, गाडीची असते. ज्या मुलाला आपण दहा-बारा वर्षे शिकविले, त्याला पावसाच्या पाण्याने भरलेल्या एका खड्ड्याने आपल्यातून न्यावे, हे कोणत्या शिक्षकाला पाहवेल?

ही भीती मनची नाही. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत खड्ड्यांमुळे झालेल्या अपघातांत देशात १४,९२६ माणसे मृत्युमुखी पडली. हा आकडा २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि न्यायालयाने त्याबद्दल तीव्र चिंता व्यक्त केली. हिशेब केला तर रोजची आठ माणसे होतात.

रस्ते चांगले ठेवणे हे शासनाचे कर्तव्य आहे, यात शंका नाही. त्याविषयी मी पुढे बोलणारच आहे. परंतु खड्डा जेव्हा समोर येतो तेव्हा तेथे मंत्री नसतो, इंजिनिअर नसतो. तेथे फक्त तुम्ही असता आणि तुमचा वेग असतो.

म्हणून प्रथम वेगाचा विचार करू. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. ताशी ६० ला जवळजवळ १७ मीटर. खड्डा दिसला आणि ब्रेकवर हात-पाय पडला, एवढ्यात साधारण एक सेकंद निघून जातो. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतर थांबण्याचे अंतर चौपट होते. विज्ञानाच्या तासाला गतिज ऊर्जेचे सूत्र तुम्ही पाठ केले आहे. त्याचा खरा अर्थ रस्त्यावर कळतो.

दुसरी गोष्ट अंतराची. एस.टी.च्या किंवा डंपरच्या पाठीला चिकटून चालू नका. त्याच्या चाकांमधून निघालेला खड्डा तुम्हाला शेवटच्या क्षणी दिसतो. मागे राहिलात तर पुढच्या गाडीचे चाक कोठे आदळते हे पाहून तुम्हाला आपली वाट ठरविता येते.

तिसरी गोष्ट नजरेची. खड्ड्याकडे टक लावून पाहिले की गाडी खड्ड्यातच जाते. जेथून जायचे आहे त्या मोकळ्या जागेकडे पाहा. आणि एकदम बगल देऊ नका. पुष्कळदा घात खड्डा करीत नाही. खड्डा चुकविण्यासाठी मारलेले वळण करते. आरशात मागचे वाहन पाहिल्याशिवाय हँडल वळवू नये.

आता खड्डा टळणारच नसेल तर काय करावे? ब्रेक खड्ड्याच्या आधी लावा, खड्ड्यात नव्हे. चाक खड्ड्यात उतरण्यापूर्वी ब्रेक सोडा. ब्रेक दाबलेला असला की पुढचे शॉकअप आधीच दबलेले असते. त्याला धक्का झेलायला जागा उरत नाही आणि तो सरळ रिमला आणि मनगटाला बसतो. सीटवरून किंचित उठा, भार फूटरेस्टवर घ्या, गुडघे वाकलेले ठेवा. हँडल घट्ट धरा, पण कोपर ताठ करू नका. गाडी सरळ ठेवून पार व्हा.

पावसाळ्याचे धोके निराळे. पहिल्या सरीत रस्त्यावरचे तेल आणि धूळ एकत्र होऊन निसरडा थर तयार होतो. पांढरे पट्टे, गटारांची लोखंडी झाकणे, पुलावरच्या सांध्याच्या पट्ट्या आणि कामाच्या ठिकाणी रस्त्यावर आलेली तांबडी माती यांवर वळताना ब्रेक लावू नये. घाटातल्या वळणावर खडी पसरलेली असते. तेथे वेग वळणाच्या आधीच कमी करावा. साईडपट्टी वाहून गेली की डांबराची कड वीत-वीत उंच राहते. खाली उतरलात तर कडेला समांतर राहून गाडी वर चढवू नका. अगदी हळू करून तिरपी चढवा. आणि साचलेले पाणी हा झाकलेला खड्डा आहे असेच समजा. पाण्यातून बाहेर पडल्यावर हलका ब्रेक दाबून तो लागतो की नाही हे पाहावे.

भगिनींसाठी एक शब्द. मागे बसताना बुरख्याचा घोळ आणि ओढणी आवरून बसा. चाकात किंवा चेनमध्ये अडकलेले कापड माणसाला खाली खेचते.

आता हेल्मेट. जुम्म्याच्या नमाजला आणि रमजानमध्ये तरावीहला जाणारी आपली मुले डोक्यावर फक्त टोपी घालून, एका गाडीवर तिघे, अशी दिसतात. विचारले तर म्हणतात, “मशीद जवळच आहे, सर, अल्लाह राखणारा आहे.” मित्रांनो, उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला आपल्या प्रेषितांनी (स.) आधी उंट बांधायला सांगितले होते, ही हदीस तुम्ही मदरशात ऐकली आहे. टोपी खिशात ठेवा, हेल्मेट डोक्यावर घाला आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली बांधा. तवक्कुल म्हणजे बेपर्वाई नव्हे.

पालकांना माझे नम्र सांगणे आहे. गिअरची मोटरसायकल चालविण्याचे वय १८ आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि मुलाला २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत लायसन मिळत नाही. पण कायदा राहू द्या. किल्ली हातात देताना एवढेच स्वतःला विचारा, की हे माझे प्रेम आहे की मुलाच्या हट्टापुढे पत्करलेली हार?

शेवटी आपल्या सर्वांचे कर्तव्य. वाटेतली इजा करणारी वस्तू दूर करणे हा सदका आहे, अशी आपली शिकवण आहे. हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी सांगतात, की दूर इराकमध्ये रस्ता नीट नसल्याने एखादे खेचर ठेचाळले, तरी त्याचा जाब आपल्याला द्यावा लागेल अशी त्यांना भीती वाटे. खेचराची ही काळजी, तर माणसाची किती असावी! मुंबईत दादाराव बिल्होरे यांचा सोळा वर्षांचा मुलगा जुलै २०१५ मध्ये खड्ड्यामुळे झालेल्या मोटरसायकल अपघातात गेला. त्या भाजीविक्रेत्या बापाने नंतर स्वतःच्या हातांनी शहरातले शेकडो खड्डे बुजविले, इतरांची मुले वाचावीत म्हणून. आपल्या धर्माची शिकवण दुसऱ्या धर्माचा माणूस जगून दाखवितो, तेव्हा त्यापुढे मान लवली पाहिजे.

आपणही एवढे करू शकतो. खड्ड्याजवळ अपघात होण्यापूर्वी फांदी किंवा दगडाला पांढरा चुना लावून खूण करा, आणि रस्ता दुरुस्त होताच ती काढून टाका. ग्रामपंचायतीला, बांधकाम खात्याला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आहे. हक्क मागताना अर्जाची पोच कामी येते. पण सहा लाखांनी कोणत्या आईचा मुलगा परत येतो? म्हणून अर्ज आधी करू या.

विद्यार्थी मित्रांनो, घरी कोणीतरी तुमच्या गाडीच्या आवाजाकडे कान लावून बसलेले असते. दहा मिनिटे उशीर झाला तरी चालेल, पण तो आवाज दाराशी आला पाहिजे.

अल्लाह आपणा सर्वांना सुरक्षित ठेवो. आमीन. जय हिंद.