पावलं सांगणारा माणूस

(मंडळाच्या सांस्कृतिक संध्येत, कोलकाता येथे केलेले भाषण)



परदेशातल्या शिक्षणाबद्दल बोला, अशी चिटणीसांची आज्ञा आहे. अभ्यासाचं सांगून तुमची संध्याकाळ बिघडवत नाही; एका रात्रीची गोष्ट सांगतो.

१९९७ सालचा जानेवारी. मी स्कॉटलंडमध्ये एडिंबराला एम.एस्सी. करत होतो. तिथं त्या दिवसांत दुपारी साडेचारच्या सुमारासच सूर्य मावळतो. चार महिने झाले तरी खोली, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय यापलीकडे माझं जग नव्हतं. इंग्रजीत कायम चांगले मार्क मिळवलेले, पण स्कॉटिश माणूस भरभर बोलायला लागला की माझी दांडी गुल! शेवटी घरी पत्र लिहिलं, ‘जमत नाही, परत येतो.’ ते पत्र कोटाच्या खिशात होतं.

२५ जानेवारी हा त्यांचा लाडका कवी रॉबर्ट बर्न्स याचा जन्मदिवस. जन्म १७५९ सालचा, पण थाट असा की जणू घरातलाच वाढदिवस! जेवण, कवितावाचन आणि मग नाच. या नाचगाण्याच्या मेळाव्याला म्हणतात ‘केली’. गेलिक भाषेतल्या या शब्दाचा मूळ अर्थ गप्पागोष्टींसाठी शेजाऱ्याकडे जाणं. ॲकॉर्डियन, व्हायोलिन आणि ड्रम वाजत होते. मी भिंतीला पाठ लावून उभा. कोटसुद्धा काढला नव्हता.

मंचावर एक गृहस्थ माइक घेऊन होते. त्यांना ‘कॉलर’ म्हणतात. संगीत सुरू होण्याआधी ते सगळ्यांकडून पावलं सावकाश करून घेत आणि नाच सुरू झाल्यावरही पुढचं पाऊल ओरडून सांगत. म्हणजे ज्याला येत नाही असाही कुणी असणार, हे तिथं आधीच धरलेलं होतं. आमच्या प्रयोगशाळेतल्या साठीच्या बाईंनी माझा कोट काढून खुर्चीवर टाकला आणि हात धरून मला ओढलंच.

नाच होता ‘डॅशिंग व्हाइट सार्जंट’. तिघांसमोर तिघं. एक फेरी झाली की एक रांग हात उंच करते, दुसरी त्याखालून निघते आणि समोर नवे तिघं येतात. मी चुकलो की लोक हसत आणि खांद्याला धरून योग्य दिशेला वळवत. मग ‘स्ट्रिप द विलो’. कोपरात कोपर अडकवून रांगेतल्या एकेकाबरोबर गिरकी! मला आईची मंगळागौरीची फुगडी आठवली. शेवटी सगळ्यांनी गोल करून, हात गुंफून बर्न्सचं ‘ऑल्ड लँग साइन’ म्हटलं.

ते पत्र मी टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी भाषा समजायला लागली असं नाही, पण ‘पुन्हा सांगा’ म्हणायची लाज गेली.

त्याच गाण्याच्या चालीवर रवींद्रनाथांनी बंगाली गीत रचलं, हे मला इथं आल्यावर शेजारच्या दादांनी सांगितलं. पहिल्याच दुर्गापूजेत त्यांनी माझ्या हाती धुनुची दिली आणि ढाकच्या तालावर पावलं शिकवली. हे दादा अकरा वर्षं आपल्या आरतीला येतात. मी त्यांना दरवर्षी पुढची खुर्ची दिली, प्रसाद दिला. झांज मात्र कधी दिली नाही. परवा ते म्हणाले, “तुम्ही सगळे एकदम टाळ्या कधी धरता, ते मला अजून कळलेलं नाही.” मला एडिंबराची ती भिंत आठवली.

म्हणून एक विनंती. आपल्या आरत्या बंगाली लिपीतही छापूया. विसर्जनाच्या लेझीमआधी अर्धा तास कुणीतरी माइक घेऊन पाहुण्यांना पावलं सांगावीत. पहिल्या वर्षी मी सांगेन. घसा बसला तर मोदक आहेतच!

गणपती बाप्पा मोरया!