पोलादी बोट: नवी बांधायची की जुनी घ्यायची?

माझं काम जाडी मोजायचं. गोव्यातल्या यार्डात बार्ज, टग किंवा फेरीबोट ओढून वर घेतली, की तिचा पत्रा कुठे किती झिजलाय ते अल्ट्रासॉनिक गेजने मोजायचं आणि मालकाला कागदावर लिहून द्यायचं. मालक सहसा तो कागद बघून खूश होत नाही.

दिलीप दोंदे 'म्हादेई'तून २०१० मध्ये एकट्याने जगाला फेरी मारून आले. २०१३ मध्ये अभिलाष टॉमी तीच फेरी न थांबता करून आले आणि २०१८ मध्ये 'तारिणी'तून आपल्या नौदलातल्या सहा जणी. दोन्ही बोटी दिवाडी बेटावर बांधलेल्या, लाकूड आणि फायबरच्या. तेव्हापासून मला एक नवीनच प्रकारचे फोन येतात. 'मॅडम, आम्हाला शिडाची बोट हवीय, पण पोलादी. बांधायला स्वस्त की जुनी घ्यायला?' पोलादाचा हट्ट मला समजतो. खडकावर आपटली तर पोचा येतो, भोक पडत नाही, आणि वेल्डर कुठल्याही बंदरात मिळतो.

तर आधी नव्या बोटीचा हिशोब करू. बारा मीटरची, म्हणजे चाळीस फुटांची बोट धरा. एक चौरस मीटर, एक मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा ७.८५ किलो भरतो. चार मिलिमीटरचा साडेएकतीस किलोच्या आसपास. तळाला जरा जाड पत्रा, आतल्या फ्रेम, कील, कापताना वाया जाणारं, असं सगळं धरून सात टन माल घ्या. किलोला सत्तर रुपये लावले तर पाच लाखांच्या आत. इथे लोकांचे डोळे चमकतात. पाच लाखांत बोट! गावातला फॅब्रिकेटर ओळखीचा, मामाच्या वाडीत जागा आहे, मग अडलंय कुठे?

आता त्याच बोटीच्या कीलमध्ये वजन म्हणून शिसं ओतायचं असतं. साडेतीन टन धरा. शिशाचा भाव किलोला दोनशेच्या आसपास, म्हणजे सात लाख. अख्ख्या बोटीच्या पोलादापेक्षा तिच्या पोटातलं वजन महाग! आणि अजून आपण सँडब्लास्टिंग केलेलं नाही, इपॉक्सीचा एक हात दिलेला नाही. इंजिन, शाफ्ट, प्रोपेलर, डोलकाठी, तिच्या तारा, शिडं, विंच, नांगर आणि साखळी, बॅटऱ्या, वायरिंग, पंप, टाक्या, खिडक्या, आतलं सुतारकाम, सगळं बाकी आहे. आमच्या धंद्यातला ठोकताळा असा, की पाण्यावर तरंगणारं रिकामं कवच म्हणजे एकूण खर्चाचा पाव हिस्सा, फार तर तिसरा. वाडीतल्या शेडमध्ये कवच उभं राहतं तेव्हा गावभर पेढे वाटले जातात. खरे पैसे त्यानंतर लागतात, आणि अर्धवट राहिलेल्या बहुतेक बोटी तिथेच अडकलेल्या असतात.

'पण मोआतेसियेंनी केलं ना?' असंही विचारतात. बेर्नार मोआतेसिये, फ्रेंच दर्यावर्दी. त्यांची 'जोशुआ' पोलादी होती. ती बांधली समुद्रापासून लांब, बॉयलर करणाऱ्या एका कारखान्यात. कारखानदाराला त्यांचं पुस्तक इतकं आवडलं की त्याने कवच जवळजवळ पत्र्याच्या किमतीत करून दिलं. डोलकाठ्या म्हणून टेलिफोनचे खांब उभे केले. असा चाहता असेल तर जरूर बांधा. माझ्या ओळखीत नाही.

त्याच बोटीची पुढची गोष्ट मला जास्त कामाची वाटते. १९८२ च्या डिसेंबरात मेक्सिकोच्या काबो सान लुकासला वादळाने ती किनाऱ्यावर फेकली. डोलकाठ्या गेल्या, कवच चेपलं, आत वाळू भरली. मोआतेसियेंनी ती वीस डॉलरला देऊन टाकली. घेणाऱ्यांनी ती वाळूतून काढून पुन्हा उभी केली. आज ती फ्रान्समध्ये ला रोशेलच्या सागरी संग्रहालयाची आहे, आणि शिडं लावून फिरते. आणि जिच्या कप्तानावरून तिचं नाव ठेवलं त्या जोशुआ स्लोकमचं काय? एकट्याने जगाला फेरी मारणारा तो पहिला माणूस. त्याला 'स्प्रे' ही कुजलेली बोट फुकट मिळाली होती. ती नव्याने उभी करायला ५५३ डॉलर ६२ सेंट लागले आणि स्वतःच्या मेहनतीचे तेरा महिने. तेरा महिने त्याने हिशोबात लिहिले, हे लक्षात घ्या. आपल्याकडे फोन करणारा माणूस स्वतःच्या श्रमाचं खातंच उघडत नाही.

तर जुनी घ्यावी का? जुन्या बोटीत इंजिन, विंच, डोलकाठी, सुतारकाम हे सगळं घसरलेल्या भावात मिळतं, आणि पैसे तिथेच वाचतात. अडचण एकच. पोलादी बोट आतून मरते. बाहेरून तिला दर वर्षी रंग मिळतो, जस्ताचे ठोकळे मिळतात. आत, जिथे घाम जमतो, साखळीच्या खणात, संडासाखाली, पाण्याच्या टाकीमागे, फोम आणि पत्र्याच्या मध्ये, तिथे कोणी बघत नाही. समुद्राच्या पाण्यात उघडं पोलाद सरसकट झिजतं ते साधारण वर्षाला एक दशांश मिलिमीटर. या हिशोबाने चार मिलिमीटर चाळीस वर्षं पुरावेत. पण गंज सरसकट लागत नाही. तो एका जागी बसून खड्डा खणतो.

उलटही सांगते. गंजाचा जाड पापुद्रा बघून घाबरू नका. गंज पोलादाच्या कितीतरी पट फुगतो, बोटभर पापुद्र्यामागे धातू थोडाच गेलेला असतो. मला भीती वाटते ती नव्या गुळगुळीत रंगाची. आणि डबलरची, म्हणजे झिजलेल्या पत्र्यावर वरून दुसरा पत्रा ठोकून वेल्ड केलेला. माझा गेज फक्त वरचा नवा पत्रा मोजतो आणि छान आकडा दाखवतो. म्हणून हातोडी लागतेच. मेलेल्या पत्र्याचा आवाज बद्द येतो.

मांडवीत आणि झुआरीत हे मी भरपूर बघितलंय. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, आणि खनिज वाहणाऱ्या बार्ज नांगरून पडल्या. रोज माल घासून चालणारी बार्ज वीस वर्षं टिकलेली, ती उभ्या उभ्या चार पावसाळ्यांत भंगारात गेली. म्हणून जुनी पोलादी बोट बघताना मी वयाआधी विचारते, शेवटची कधी चालली होती?

दोन वर्षांपूर्वी वडोदऱ्याचं एक मराठी जोडपं माझ्याकडे आलं. ते मर्चंट नेव्हीतून इंजिनीअर म्हणून निवृत्त, त्या शाळेत शिक्षिका होत्या. दोघांची मिळून पंचावन्न लाखांची पुंजी, त्यात बाईंचा पीएफ. काकांना बांधायचीच होती. त्यांनी आकडे आणले होते, मी त्यात शिसं, शेडचं भाडं आणि मजुरी घातली. ऐंशी लाख आणि चार वर्षं निघाली. काकू एवढंच म्हणाल्या, 'चार वर्षांनी माझे गुडघे बोटीत चढतील का, ते तुमच्या यंत्रावर मोजता येतं का हो?'

त्यांनी लँगकावीत एक अडतीस फुटी पोलादी बोट हेरली होती, मागणी तीस लाखांच्या आसपास. बोट तिकडेच ठेवून फिरायचं होतं. ते बरंच झालं. परदेशी बोट कायमची भारतात आणायची तर आयात शुल्क आणि त्यावरचा जीएसटी मिळून किमतीच्या निम्म्याहून जास्त भरावं लागतं. माझं तिकीट त्यांनी काढलं. दोन दिवस मी तिथे घामाघूम होऊन आकडे घेतले. बाजूंना ३.८, ३.७. उत्तम. संडासाखाली २.९. साखळीच्या खणात २.४. आणि पाण्याच्या टाकीमागे आकडाच नाही, कारण तिथे हात जात नव्हता. विकणारा म्हणाला, बाकी सगळं चांगलं आहे, तिथेही असणार. काका अर्धे तयार झाले होते. काकू म्हणाल्या, 'टाकी काढा. काढायचा-बसवायचा खर्च आमचा.'

टाकी निघाली. मागे हातभर लांबीत १.६.

अर्धा चौरस मीटर पत्रा म्हणजे सोळा किलो, अकराशे रुपयांचं पोलाद. पण तो बदलायचा तर फर्निचर खोलायचं, वायरिंग बाजूला घ्यायचं आणि आजूबाजूचा फोम खरवडून काढायचा. तो फोम पेटला तर त्यातून विषारी वायू येतो, त्यामुळे घाई करून चालत नाही. तीन ठिकाणच्या कामाला यार्डाने पाच लाख सांगितले. तो कागद विकणाऱ्यासमोर ठेवला आणि सौदा चोवीस लाखांवर तुटला. वर डोलकाठीच्या तारा, शिडं, बॅटऱ्या यांचे नऊ लाख. एकूण अडतीस. टाकी न काढता घेतली असती, तर तीस देऊन निघाले असते आणि पत्रा भर समुद्रात कळला असता. उरलेले सतरा लाख दोन वर्षांच्या राहण्या-फिरण्याचे आणि पुढच्या रंगाचे, असं काकूंनी वहीत लिहून ठेवलंय.

एक प्रश्न नेहमी येतो, म्हणून आत्ताच सांगते: जुनी बोट सापडलीच नाही, किंवा बांधायचीच हौस आहे, तर? तर बांधा. पण फोम लावण्याआधी आतला प्रत्येक कोपरा रंगवा, पाणी साचणार नाही असे फ्रेमला भोके ठेवा, आणि टाक्या निघतील अशाच बसवा. तीस वर्षांनी कोणीतरी माझ्यासारखीला घेऊन येईल, तिचा हात तिथे पोचला पाहिजे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.