कडुबाईंची एकतारी आणि आपली बिदागी

आम्ही पोखर्णीच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. आमचं गाव म्हणजे नृसिंहाचं पोखर्णी, परभणीहून गंगाखेडला जाताना लागतं ते. कापूस वेचायला गेलो की एकीच्या कमरेला मोबाइल खोचलेला असतो आणि त्यावर गाणं चालू असतं. पात संपते, पण गाणं काही संपत नाही. त्यात एक आवाज आम्ही पुन्हा पुन्हा लावतो. मागं बँड नाही, ढोल नाही, नुसती एकतारी. तो आवाज कडुबाई खरात यांचा. आज त्यांच्याविषयी बोलू, आणि थोडं आपल्याविषयी.

कडुबाई आपल्या मराठवाड्याच्याच. एकतारी त्यांना वडिलांकडून मिळाली. वडील गायचे, लेक ऐकायची आणि ऐकता ऐकता शिकली. कुणा उस्तादाचा क्लास नाही की गाण्याची परीक्षा नाही. पुढं नवरा वारला, पदरात लेकरं. पोट भरायला त्यांनी तीच एकतारी काखेत मारली आणि दारोदार गाऊ लागल्या. कुणी पसाभर ज्वारी घातली, कुणी रुपया-दोन रुपये दिले. अशा दिवसांत त्या बाबासाहेबांची गाणी गात राहिल्या.

मग मोबाइल आला. कुणीतरी त्यांचं गाणं चित्रित केलं आणि पुढं पाठवलं. बघता बघता ते लाखो लोकांनी ऐकलं. ज्या बाईला लोक दारात ऐकायचे, तिला चौदा एप्रिलच्या मोठमोठ्या स्टेजवर बोलावणी येऊ लागली. आपल्यासारखी बाई, डोक्यावर पदर, हातात एकतारी, आणि समोर मैदान भरून माणसं! हे बघून आमच्यातल्या कितीतरी जणींची छाती फुगली.

पण एक गोष्ट मनाला लागते. गाणं लाखो मोबाइलवर वाजत होतं, तेव्हाही कडुबाई औरंगाबादजवळ चिकलठाण्याला गायरानावरच्या पत्र्याच्या घरात राहत होत्या. आवाज घरोघर पोचला, पण त्या आवाजाचं मोल काही त्याच वेगानं त्यांच्या घरी पोचलं नाही. असं का होतं, ते आम्ही समजून घ्यायचं ठरवलं.

भीमगीतांची वाट जुनी आहे. आधी आंबेडकरी जलसे झाले. मग वामनदादा कर्डक आले. सिन्नरजवळच्या देशवंडीचे, जन्म 1922 चा. गावोगाव फिरून त्यांनी गाणी लिहिली आणि गायली. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज कॅसेटमधून चहाच्या टपरीवर पोचला. या सगळ्यात बाया गात नव्हत्या का? गात होत्या. पण पत्रिकेवर नाव छापलं जायचं ते बहुतेक बाप्यांचं.

आणि गाणाऱ्या बाया आपल्याला नव्या नाहीत. जनाबाई आपल्या गंगाखेडच्याच. सातशे वर्षं झाली, तरी दळता-कांडता गायलेल्या त्यांच्या शब्दांखाली त्यांचं नाव टिकून आहे. आपल्या आज्यांनी जात्यावर ओव्या म्हटल्या, त्या मात्र बिननावाच्या राहिल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या दोघांनी आपल्या सोबत्यांना घेऊन गावोगावच्या बायांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांनी कुठली ओवी कुणी म्हटली, ती बाई कुठल्या गावची, हेसुद्धा लिहून ठेवलं. आम्हाला ते फार मोलाचं वाटतं. नाव लिहिलं की गाणं कुणाचं ते ठरतं.

आता आमचीच एक गोष्ट सांगतो, लपवत नाही. मागं एका कार्यक्रमात डीजेवाल्याला आधी पैसे मोजले, मंडपवाल्याला मोजले. आमच्यातल्या दोन बाया तासभर गायल्या, त्यांच्या हातात नारळ आणि ब्लाउजपीस दिलं. एकानं सगळं मोबाइलमध्ये घेतलं आणि आपल्या चॅनलवर टाकलं. गाणाऱ्यांचं नाव कुठं नाही. आम्ही गप्प बसलो. वर आमच्यातलीच एक म्हणाली, "देवाधर्माच्या, बाबासाहेबांच्या गाण्याचे पैसे काय मागायचे?" तेव्हा दुसरी म्हणाली, "मग डीजेवाला कसा मागतो?" या प्रश्नाला आमच्याकडं उत्तर नव्हतं.

तर बायांनो, चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली. यूट्यूबवर पैसे मिळतात ते चॅनल ज्याचं आहे त्याला, गाणारीला नाही. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला साधारण 1,000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4,000 तास बघितलं जाणं लागतं. गटाचं मिळून एक चॅनल काढता येतं.

दुसरी. गाणाऱ्यालाही कायद्यानं हक्क आहे. कॉपीराइटच्या कायद्यात 2012 साली बदल झाला. आपल्या गाण्याचा कुणी धंद्यासाठी वापर केला, तर रॉयल्टी मागता येते. कंपनीच्या कागदावर अंगठा किंवा सही करण्याआधी तो कागद लेकीकडून, मास्तरांकडून वाचून घ्या.

तिसरी. ज्यांनी उभं आयुष्य गाण्यात, कलेत घालवलं, अशा ज्येष्ठ कलावंतांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची मानधन योजना आहे. वयाची पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी ती आहे, आणि 2024 पासून महिन्याला 5,000 रुपये मिळतात. अटी काय, कागद कोणते, हे पंचायत समितीत विचारा. कार्यक्रमाचे फोटो, पत्रिका, वर्तमानपत्रातली कात्रणं फेकू नका. कला केल्याचा पुरावा म्हणून तीच कामाला येतात.

चौथी गोष्ट आपल्याच हातातली आहे. गाणं पुढं पाठवताना गाणारीचं नाव आणि गाव त्याखाली लिहा. त्याला पैसा लागत नाही.

आमच्या गटानं ठरवलंय. इथून पुढं आमच्या कार्यक्रमात गाणारीला बिदागी आधी ठरवायची, सगळ्यांसमोर द्यायची, आणि तिचं नाव माइकवरून घ्यायचं. रक्कम लहान असेल, पण पाकिटात असेल, नारळाबरोबर.

कडुबाईंनी एका तारेवर लेकरं वाढवली. त्यांचं गाणं ऐकून नुसत्या माना डोलावू नका. तुमच्या गल्लीत गाणारी जी बाई आहे, तिला या चौदा एप्रिलला, या जत्रेला विचारा : बाई, तुमची बिदागी किती?

रामराम.