छोटी मोटार आणि कामगाराचा रविवार



या व्यासपीठावरून तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र, वाङ्मय अशा मोठमोठ्या विषयांवर विद्वानांची व्याख्याने होत असतात. आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकाबाहेर, कामगारांच्या वाचनालयात आणि मोर्चात झाले. तेव्हा विद्वत्तेचा आव आम्ही आणणार नाही. आजचा विषय ऐकून काहींच्या चेहऱ्यावर हसू उमटले आहे, ते येथून दिसतेच आहे. खऱ्या मोटारीची मापाबरहुकूम छोटी प्रतिकृती हाताने करावयाची आणि ती करता करता मोटारींचे वेड असलेल्या चार माणसांशी गप्पा मारावयाच्या, हा तो विषय. संप, बोनस आणि महागाई भत्ता यांवर बोलणाऱ्या माणसाने खेळण्यांवर बोलावे हे चमत्कारिक वाटेल. परंतु हा विषय कामगार चळवळीच्या बाहेरचा नाही, तिच्या गाभ्यातला आहे, असे आमचे म्हणणे आहे. कसा, तेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम ‘माप’ म्हणजे काय ते पाहू. खेळणे आणि प्रतिकृती यांत फरक मापाचा. खऱ्या मोटारीचा एक फूट म्हणजे प्रतिकृतीचा अर्धा इंच असे ठरविले, की २४ स एक हे प्रमाण झाले. दुसरे एक प्रमाण ४३ स एक असे आहे. हा ४३ चा विचित्र आकडा कोठून आला? इंग्लंडात खेळण्यातल्या आगगाड्या एका फुटास ७ मिलिमीटर या हिशेबाने करीत. फ्रँक हॉर्नबी यांच्या लिव्हरपूलच्या कारखान्याने त्या आगगाड्यांच्या शेजारी ठेवण्यासाठी छोट्या मोटारी काढल्या आणि १९३४ पासून त्या ‘डिंकी टॉइज’ या नावाने विकल्या जाऊ लागल्या. फुटाचे मिलिमीटर ३०५. त्याला ७ ने भागा, ४३ च्या थोडे वर येतात. आगगाडीचा हिशेब असा मोटारीला चिकटला तो आजतागायत.

आता आपल्या ओळखीची मोटार घेऊ. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी, म्हणजे प्रीमिअर पद्मिनी. तिची लांबी सुमारे ३.९ मीटर. २४ स एक या प्रमाणात ती सव्वासोळा सेंटिमीटर होते. येथवर सोपे आहे. परंतु दार आणि खांब यांच्यामधली फट खऱ्या गाडीत ५ मिलिमीटर असेल, तर आपल्या हाती ती ०.२ मिलिमीटर उरते. रंगाचे तर विचारूच नका. आपण अगदी हलक्या हाताने मारलेला रंग मिलिमीटरचा विसावा भाग जाडीचा धरला, तरी खऱ्या गाडीच्या हिशेबाने तो सव्वा मिलिमीटरच्या आसपास जातो, म्हणजे गाडीला रंग नव्हे, गिलावा झाला! आणि वजन? लांबी २४ पट घटली, की वजन २४ गुणिले २४ गुणिले २४, म्हणजे १३,८२४ पट घटते. ९०० किलोची गाडी त्याच पत्र्याची आणि त्याच लोखंडाची केली, तर ६५ ग्रॅमची होईल. हे गणित आम्हांला कोणत्याही शाळेने शिकविले नाही. कानस, पॉलिश पेपर आणि प्लास्टिकचा पत्रा यांनी शिकविले. पुस्तकातला घन पानावरच राहतो. हातातला घन मात्र तळहातावर मोजता येतो.

या छंदाच्या इतिहासातही कारागीर माणूसच पुढे दिसतो. लंडनच्या लेस्नी कंपनीत जॅक ओडेल नावाचे यंत्रकुशल गृहस्थ होते. त्यांच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे नेण्याची परवानगी होती. ओडेल यांनी तिच्यासाठी रस्ता दाबण्याच्या इंजिनाची पितळी चिमुकली प्रत केली, आणि त्यातून १९५३ साली ‘मॅचबॉक्स’ मोटारी बाजारात आल्या. पुढे जपानात टामिया कंपनीने पोर्शे मोटारीची प्रतिकृती काढावयाचे ठरविले, तेव्हा तिच्या चालकांनी एक खरी पोर्शे विकत घेतली आणि ती सुटी करून पाहिली. ती प्रतिकृती १९७६ साली निघाली. वस्तू खोलून पाहिल्यावाचून तिची नक्कलदेखील नीट करता येत नाही, हा धडा या गोष्टीत आहे.

आता मुद्द्याकडे येतो. अमेरिकेत जनरल मोटर्स ही प्रचंड कंपनी आहे. मोटारीचे सांगाडे बनविणारा तिचा विभाग होता फिशर बॉडी. या विभागाने १९३० साली मुलांसाठी एक कारागिरीची स्पर्धा सुरू केली. प्रारंभी विभागाच्या बोधचिन्हावर असलेल्या नेपोलियनच्या काळच्या घोडागाडीची हुबेहूब प्रतिकृती करावी लागे. १९३७ पासून मुलांनी स्वतःच्या कल्पनेतली मोटार आखून तिचा नमुना करावा, अशीही स्पर्धा निघाली. बक्षीस म्हणून उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या होत्या. १९६८ पर्यंत हा उपक्रम चालला. १९४७ साली त्यात यश मिळविलेला चार्ल्स जॉर्डन हा मुलगा पुढे त्याच कंपनीच्या रचना-विभागाचा प्रमुख झाला. लाकडाचा ठोकळा तासणाऱ्या पोराच्या बोटांत काय दडलेले असते, हे त्या भांडवलदारांना नेमके ठाऊक होते!

पण याच फिशर बॉडीच्या फ्लिंट गावातील कारखान्यांत त्याच सुमारास काय चालले होते? ३० डिसेंबर १९३६ रोजी तेथील कामगार यंत्रे थांबवून आतच बसले, आणि ११ फेब्रुवारी १९३७ पर्यंत, म्हणजे ४४ दिवस, बसून राहिले. त्यांच्या तक्रारींत एक मोठी तक्रार सरकत्या पट्ट्याच्या वेगाची होती. पट्टा धावतो, गाडी पुढ्यात येते, आपण आपले चार बोल्ट आवळावयाचे, तोवर दुसरी गाडी उभी! अखेर कंपनीला त्यांच्या संघटनेशी करार करावा लागला.

या दोन चित्रांकडे शेजारी-शेजारी ठेवून पाहा. एकीकडे एक मुलगा कित्येक महिने एकच मोटार मनाजोगी घडवितो. पहिल्या रेघेपासून शेवटच्या रंगापर्यंत ती त्याची असते. दुसरीकडे एक प्रौढ माणूस असंख्य मोटारींना हात लावतो आणि त्यांतली एकही त्याची नसते. पहिल्याला शाबासकी मिळते, दुसऱ्याला घड्याळ दाखविले जाते. हात दोघांचे सारखेच आहेत. फरक वेळेचा आहे, आणि अख्खी वस्तू डोळ्यांपुढे असण्याचा आहे. आम्हांला या छंदाचे महत्त्व वाटते ते यासाठी. जो दिवसभर गाडीचा एक तुकडा करतो, त्याला सुटीच्या दिवशी का होईना, अख्खी गाडी परत मिळते.

सुटीचा दिवस म्हटल्यावर नारायण मेघाजी लोखंडे यांचे स्मरण करणे आमचे कर्तव्य आहे. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि त्यांच्या चळवळीमुळे १० जून १८९० पासून गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली. आज रविवार आपल्याला सूर्योदयासारखा आपोआप उगवणारा वाटतो. तो मागून, भांडून आणलेला आहे. अशा मिळविलेल्या दिवसाचे करावयाचे काय, हा प्रश्नही चळवळीचाच आहे. शरीर विश्रांती मागते, ती द्यावीच. पण मनालाही काही हवे असते.

आमच्या युनियनच्या कचेरीत रविवारी संध्याकाळी आठ-दहा माणसे जमतात. एक निवृत्त डेंटर आहेत, त्यांना सगळे चाचा म्हणतात. तीस वर्षे टॅक्सी चालविलेले एक मामा आहेत. एक गाद्या शिवणारे, एक वायरमन आणि आयटीआयमध्ये फिटरचे काम शिकणारी एक मुलगी. फिशर बॉडीच्या त्या स्पर्धेत मुलींना प्रवेश नव्हता. आमच्याकडे सर्वांत सुबक काम या मुलीचे आहे. या मंडळींनी पद्मिनी करावयास घेतली. मुंबईच्या रस्त्यावरून या टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेतला. तिचे उत्पादन तर त्याआधी वीसेक वर्षे बंद पडलेले. नकाशे नव्हते, छायाचित्रांवरून मापे काढली. मुलीने पुठ्ठ्याचा फर्मा कापून मडगार्डचा बाक बसविला. चाचांनी त्यावरून अंगठा फिरविला आणि मान हलविली.

“चाचा, माप बरोबर आहे. तीनदा मोजलंय,” ती म्हणाली.

“माप बरोबर असेल, बेटी. पण इथे हात अडकतोय. खऱ्या गाडीवर हात अडकत नव्हता.”

पुन्हा मोजले, तेव्हा छायाचित्र तिरपे काढलेले निघाले. मापात चूक नव्हती, छायाचित्रात होती. आणि ती अंगठ्याने पकडली! मग मीटरची बाजू निघाली. जुना यांत्रिक मीटर बाहेर कोणत्या बाजूस असे, यावर दोन तट पडले. मामा शांतपणे म्हणाले, “माझ्या पाठीला विचारा. मीटर पाडायला जन्मभर डाव्या खिडकीकडे वाकलोय.” वाद मिटला. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला होता हेही त्यांच्याच डाव्या हाताने सांगितले. त्यावरून पद्मिनीच्या आधीची ‘डुक्कर फियाट’ निघाली. तिची पुढली दारे मधल्या खांबाला बिजागरी असल्यामुळे उलटी उघडत, हे ऐकून तरुण मंडळी चकित झाली. गप्पा अशा रात्री दहापर्यंत चालल्या.

या गप्पांना कोणी रिकामटेकडेपणा म्हणेल. आम्ही त्यांना शाळा म्हणतो. कारखाना बंद पडतो तेव्हा यंत्रे भंगारात जातात, जमीन विकली जाते, आणि त्या सगळ्याची किंमत कागदावर मांडली जाते. चाचांच्या अंगठ्यातल्या ज्ञानाची किंमत मात्र कोणत्याही कागदावर नसते. आम्ही ज्या सुट्या भागांच्या कारखान्यात उमेदवारीला लागलो, तो आज उरलेला नाही. तेथले निम्मे जुने कारागीरही आता नाहीत. त्यांना जे येत होते ते कोणी लिहून घेतले नाही, कारण ‘सांगा’ असे त्यांना कोणी म्हटलेच नाही. आणि नुसते ‘सांगा’ म्हणून भागतही नाही. अशा माणसाला मुलाखतीला बसविले, तर तो “काय सांगू, काम केलं,” एवढेच म्हणतो. त्याच्या पुढ्यात चुकीचा मडगार्ड ठेवा, मग तो बोलू लागतो! प्रतिकृतीचा हा उपयोग आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो.

यावर एक आक्षेप असा येईल की, ज्याला बारा-बारा तास कंत्राटावर राबावे लागते त्याला हे छंद कसले? आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच हा विषय आम्ही येथे मांडला. छंद ही श्रीमंतांची चैन आहे असे म्हणून गप्प बसणे म्हणजे कंत्राटदाराचे म्हणणे मान्य करणे होय. खर्च म्हणाल, तर परदेशी संच महाग असतात हे कबूल. पण पुठ्ठा, एम-सील, तांब्याची तार आणि चॉकलेटच्या वेष्टनातला चांदीचा कागद यांतून आमची गाडी उभी राहिली. महाग आहे तो वेळ. तोच मागावयाचा आहे.

आपल्या गावात बंद गिरण्या असतील, जुनी गॅरेजे असतील. वाचनालयाच्या चालकांना आमची विनंती आहे की, एक टेबल, एक दिवा आणि रविवारचे दोन तास एवढे द्या. त्या टेबलावर गाडीच हवी असे नाही. माग चालेल, तेलाचे इंजिन चालेल. ज्यांनी ती वस्तू चालविली त्यांना आणि ज्यांनी ती पाहिलीच नाही त्यांना समोरासमोर बसवा, आणि चहा सांगा. हे लवकर करा. यंत्राचे चित्र संग्रहालयात शंभर वर्षे टिकेल, पण ते चित्र तिरपे आहे असे सांगणारा अंगठा तेवढा टिकणारा नाही.