बग सापडला, पण दीड तास उशिरा

आज माझ्याच एका चुकीबद्दल बोलतो.

रात्री २ वाजता प्रोडक्शन बंद पडलं. कॉलवर आम्ही सहा जण. टीममध्ये नवीनच आलेला एक मुलगा म्हणाला, "दादा, डेटाबेसची कनेक्शन्स संपलीत का बघूया?" मी सगळ्यांसमोर म्हटलं, "आधी लॉग वाचायला शिक." तो म्यूटवर गेला तो गेलाच.

दीड तासाने कळलं, कनेक्शन्सच संपली होती. एरर आला की घेतलेलं कनेक्शन परत सोडलं जात नव्हतं. तो कोड कुणाचा? माझाच.

१९९० मध्ये सॅलोवी आणि मेयर यांनी भावनिक बुद्धिमत्तेवर शोधनिबंध लिहिला, १९९५ मध्ये गोलमन यांच्या पुस्तकाने तो विषय जगभर नेला. तेव्हापासून 'आयक्यू काही कामाचा नाही' म्हणणारे बरेच झालेत. मला ते पटत नाही. डोकं लागतंच, नाहीतर कनेक्शन पूल काय कळणार? पण त्या रात्री उत्तर कॉलवर हजर होतं आणि मीच ते गप्प केलं.

अपमान सगळ्यांसमोर केला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी स्टँडअपमध्ये माफीही सगळ्यांसमोरच मागितली. तो म्हणाला, "इट्स ओके, सर."

आदल्या दिवसापर्यंत मी दादा होतो.