आतड्याची झाडलोट

वसईची गोड सुकेळी गळ्याखाली उतरली, की मनुष्य ती विसरतो; परंतु सुमारे २० फूट लांबीचे लहान आतडे विसरत नाही. घासाने भिंत ताणली जाताच त्यामागील स्नायू आवळतात व पुढील सैलावतात. श्वानांवर प्रयोग करून बेलिस व स्टार्लिंग यांनी १८९९ साली हा नियम मांडला. न पचलेला स्निग्धांश आतड्याच्या अखेरच्या भागी पोहोचल्यास वरील गती मंदावते. पचनास अवधि मिळतो. उलट, उपाशीपोटी दर दीड-दोन तासांनी एक लाट उरलासुरला केर पुढे लोटते. खाताच ती थांबते. घटकेघटकेस तोंड चालविणाऱ्याने ध्यानात घ्यावे, की केरसुणीलाही रिकामे अंगण लागते.