सभेआधींची विचारपूस

(सोलापूर येथें विडीकामगार बायांच्या सभेची तयारी करणाऱ्या मंडळींपुढें केलेलें भाषण)



सभेचा दिवस ठरला, मंडप सांगून झाला, वक्ते कोण यावर काल दोन तास वाद झाला. ज्यांच्यासाठीं ही सभा, त्या बायांना मात्र अजून कोणीं एक शब्द विचारलेला नाहीं. रागावूं नका, हा दोष आधीं आमचा आहे.

मागें एकदां अशीच सभा आम्हीं भरविली होती. चार वक्ते, चारही मराठींत बोलणारे, विषय पेन्शनचा. समोर बसलेल्या निम्म्या बाया घरांत तेलुगु बोलणाऱ्या. टाळ्या पडल्या, आम्ही खूष झालों. मंडप उतरवितांना एक म्हातारी जवळ येऊन म्हणाली, “भाषण चांगलं झालं बाबा. पण छाटेचं कोणीच बोललं नाही.” आठवडाभर वळलेल्या विड्यांतून किती विड्या छाट म्हणून बाजूला पडतात, हेंच तिचें दुखणें होतें. तें कळायला आम्हांला तिच्या दारापर्यंत जाणें पुरें झालें असतें. आम्ही गेलों नव्हतों.

रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांचें काम पहा. सन १८८४ च्या सप्टेंबरांत त्यांनीं मुंबईंत गिरणीकामगारांची सभा भरविली, आणि साडेपांच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. त्या अर्जांत मोघम रडगाणें नव्हतें. रविवारीं सुटी, दुपारीं अर्धा तास विसांवा, काम सकाळीं साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच, पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आंत, कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पुरा पगार! अशा मागण्या खुर्चींत बसून सुचत नाहींत. लोखंडे स्वतः गिरणींत भांडारावर नोकरीस होते. कामगाराचा दिवस कसा उगवतो व कसा मावळतो हें त्यांना ठाऊक होतें. रविवारची सुटी मिळायला सन १८९० उजाडलें, पण काय मागावयाचें याबद्दल गोंधळ नव्हता.

आपल्यापैकीं किती जणांनीं मांडीवर सूप घेऊन विडी वळली आहे? नाहीं ना? मग विचारणें आलें. सन १९२५ च्या सुमारास मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसनें याच सोलापुरांतील गिरणीकामगारांच्या घरखर्चाची चौकशी करून अहवाल छापला. परक्या सरकारला आमच्या ज्वारी-डाळीचा हिशेब जाणून घ्यावासा वाटला, आणि आम्हांला शेजारच्या बोळांत जायचा कंटाळा!

विचारावें कसें, हेंहि शिकावें लागतें. “तुमच्या अडचणी काय?” असें विचारलें तर “काय सांगायचं, नशीब आपलं” एवढेंच ऐकूं येईल. कालच्या दिवसाचें विचारा. काल पान किती मिळालें? तें हजार विड्यांना पुरलें, कीं पदरचे पैसे घालून बाजारांतून आणखी आणलें? जमा किती केल्या, छाट किती गेली? कार्डावर नांव तुमचेंच आहे कां? बाई आंकडे तोंडपाठ सांगते. रोजचा संसार त्यावर चालतो. सन १९६६ च्या विडीकामगार कायद्यानें छाटेचा वाद सरकारी अधिकाऱ्यापुढें नेण्याची वाट घालून दिली होती. पुढें कायदे बदलले, पण अधिकारी कोणताहि असो, तो किती आणि केव्हां हेंच आधीं विचारतो.

दुसरें विचारायचें तें वेळेचें. सकाळीं कारखान्यांत विड्या जमा करायच्या, पान-तंबाखू घेऊन परत यायचें, मग पान भिजवणें, कापणें, वळणें. सूप खालीं केव्हां ठेवतां येतें? आपण दुपारीं दोनची वेळ कोणाच्या सोईनें ठरविली? बहुधा वक्त्यांच्या. कुंभारीच्या घरकुलांतून शहरांत यायचें तर रिक्षाचें भाडें पडतें, आणि तेवढ्या वेळांत वळायच्या विड्या बुडतात त्या निराळ्याच. तिकडील बाया अशोक चौकांत येणें सोईचें, कीं आपण तिकडे जाणें? हेंहि त्यांनाच विचारावें.

कारखान्याच्या दारांत, मुनिमाच्या देखत मात्र विचारूं नका. तेथें सारें ‘ठीक आहे’ असेंच निघेल. घरीं जा, नांव लिहूं नका, गल्ली लिहा. नवरा किंवा सासू बाईच्या ऐवजीं उत्तर देऊं लागली तर तिचेंहि ऐकून घ्या आणि पुन्हां एकदां जा. म्हाताऱ्या बाया फंडाचें बोलतील, तरण्या पोरी म्हणतील विडीच नको, दुसरें काम शिकवा. या दोन गोष्टी एकाच सभेंत मावतील कीं नाहीं, तें उत्तरें आल्यावर ठरवूं. मंडपांत त्यावर भांडण जुंपण्यापेक्षां आधीं कळलेलें बरें.

आणि जें करणें आपल्या हातीं नाहीं तें विचारूं नका. घर देणार कां, असें विचारलें कीं तिच्या मनांत घर उभें राहतें.

आमचें म्हणणें असें : सभा पंधरा दिवस पुढें ढकलूं. वक्ते दोनच ठेवूं. जमलेले आंकडे सभेंत प्रथम तेलुगूंत, मग मराठींत वाचून दाखवूं, चुकले असतील तर बायाच दुरुस्त करतील. राहिलेला वेळ त्यांचा. अधिकाऱ्यांनाहि हे आंकडे आठ दिवस आधीं पोंचते करूं, म्हणजे “चौकशी करून सांगतों” हें उत्तर त्यांना उरणार नाहीं.

उद्यां सकाळीं नीलमनगराकडे कोण जाणार? तेलुगु येणारी एक बाई बरोबर हवी. वह्या येथें ठेवल्या आहेत.